वापरायचं पाणी

सांगलीला आमच्या घरात पाणी चार ठिकाणी असायचं. माठातलं प्यायचं. तांब्याच्या कळशीतलं आजीच्या सोवळ्याचं, त्याला आम्ही पोरांनी हात लावायचा नाही. बंबातलं आंघोळीचं. आणि मागच्या हौदातलं ‘वापरायचं’. पावसाळ्यात कृष्णेचं पाणी तांबडं होऊन यायचं, तेव्हा आजी निवळीची बी माठाच्या आतून घासायची, नाहीतर तुरटीचा खडा पाण्यात चारदा फिरवायची. सकाळपर्यंत गाळ तळाशी बसलेला असे. हौदातल्या पाण्यावर मात्र असला कुठलाही संस्कार नाही. भांडी घासायला तेवढं पुरतं, त्यासाठी तुरटी कोण झिजवणार? एकदा पाहुण्यांच्या मुलानं माठातलं पाणी घेऊन पाय धुतले, तेव्हा आजी जे बोलली ते इथे छापण्यासारखं नाही.

पुढे तीसेक वर्षं मी प्रयोगशाळांत पाणी वापरत, मोजत आणि त्यावरून भांडत काढली. त्यातली निम्मी भांडणं माठातल्या पाण्यानं पाय धुण्याचीच होती. उरलेली निम्मी उलटी, म्हणजे हौदातल्या पाण्यानं माठ भरल्याची.

बी.एस्सी.ला असताना आमच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत भिंतीवर डिस्टिलेशनचं एक जुनं धातूचं यंत्र होतं. आम्ही त्याला नुसतंच ‘बॉयलर’ म्हणायचो. आत हीटर, वरून थंड पाण्याची फेरी, खाली काचेच्या मोठ्या बाटलीत टिपटिप. त्याची सगळी देखभाल प्रयोगशाळेच्या मामांकडे. मामांना रसायनशास्त्र किती येत होतं ठाऊक नाही, पण सकाळी पहिल्या बाटलीतलं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यात नायट्रिक आम्लाचा एक थेंब आणि सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकल्याशिवाय ते कुणाला पाणी देत नसत. नळी काळ्या टेबलासमोर धरायची. ढग दिसला नाही तर ‘चालेल’. पांढुरकं झालं तर ‘आज दूध झालं’, म्हणजे बॉयलरमधलं पाणी फेसाळून क्लोराइडसकट वर उडालं, ती बाटली मोरीत.

त्या बॉयलरची उधळपट्टी मला पुढे आकडे मांडल्यावर कळली. एक लिटर पाण्याची वाफ करायला साधारण पाऊण युनिट वीज लागते, आणि ती वाफ परत गार करायला दहाएक लिटर पाणी सोडून द्यावं लागतं. मामा ते सोडलेलं गरम पाणी बादलीत धरत आणि त्यातच परीक्षानळ्या विसळत.

त्या पाण्याला आज कुणी नाक मुरडेल, पण मी त्याची बाजू घेईन. आमची ब्युरेट ०.१ मिलिलिटरच्या खुणांची, आमचे डोळे विद्यार्थ्यांचे, आणि वीस मिलिलिटरच्या वाचनात आमची चूक पाण्यातल्या अशुद्धीपेक्षा कितीतरी मोठी. त्या कामाला ते पाणी उत्तम होतं. शिवाय मामांना एक गोष्ट माहीत होती जी पुढे मला कितीतरी एम.एस्सी. झालेल्यांना सांगावी लागली. कॉस्टिक सोड्याचं टायट्रेशन असलं की त्या दिवशी ते बाटलीतलं पाणी चांगलं दहा-पंधरा मिनिटं उकळून, झाकून गार करून ठेवत. ‘फिनॉल्फ्थॅलिनला हेच लागतं,’ एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. हवेतला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतो आणि गुलाबी रंग आल्या आल्या उडून जातो, हे आम्हाला पुस्तकात होतं. कुठल्या प्रॅक्टिकलला कुठलं पाणी, हे मामांच्या हातात होतं.

१९९४ साली मी महाडच्या एमआयडीसीत एका बल्क ड्रगच्या कारखान्यात क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत, लागले. तिथे डिस्टिल्ड हा शब्द गेला आणि ‘डीएम’, म्हणजे डीमिनरलाइज्ड, आला. एका खांबात कॅटायन रेझिन, दुसऱ्यात अॅनायन रेझिन. पहिला कॅल्शियम-सोडियम अडवून हायड्रोजन सोडतो, दुसरा क्लोराइड-सल्फेट अडवून हायड्रॉक्साइड सोडतो, आणि दोघांचं मिळून पुन्हा पाणीच होतं. रेझिन थकलं की एकाला हायड्रोक्लोरिक आम्लाची आणि दुसऱ्याला कॉस्टिकची आंघोळ घालायची. प्लँटच्या तोंडाशी एक काट्याचा कंडक्टिव्हिटी मीटर होता. तेव्हा एकक मायक्रोम्हो म्हणायचो, आता मायक्रोसीमेन्स म्हणतात, वस्तू तीच. काटा एकच्या खाली असला की पाणी चांगलं. हा आमचा धर्म होता आणि कुणी त्यावर शंका घेत नव्हतं.

जुलैत एचपीएलसीच्या (द्रावणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावर एक पीक उगवला. आमचं औषध बाराव्या मिनिटाला यायचं आणि हा पाहुणा चौदाव्या मिनिटाला, छोटा पण स्वच्छ, एखाद्या अशुद्धीसारखा नीट बसलेला. अशुद्धीची मर्यादा ओलांडली म्हणून एक बॅच अडकली. उत्पादनवाले म्हणाले आमची बॅच बरोबर आहे, तुमचं मशीन बघा. मी कॉलम बदलला. इंजेक्टरचं सील बदललं. अॅसिटोनायट्राइलची नवी बाटली उघडली, ती तेव्हाही महाग होती आणि त्याबद्दलही ऐकून घेतलं. कोरं द्रावण टोचलं तरी पीक. काहीच न टोचता नुसता रन लावला तरी पीक. तीन दिवस मी त्या चौदाव्या मिनिटाकडे बघत बसले होते. बाहेर महाडचा पाऊस, आणि नळाला चहाच्या रंगाचं पाणी.

चौथ्या दिवशी आमचे मॅनेजर सर येऊन स्टुलावर बसले. म्हणाले, ‘आज काही टोचू नकोस. कॉलमवरून दहा मिनिटं पाणी जाऊ दे आणि ग्रेडियंट लाव. मग वीस मिनिटं. मग चाळीस.’ मी तसं केलं. पीक दहाला जेवढा होता त्याच्या वीसला जवळजवळ दुप्पट झाला आणि चाळीसला आणखी दुप्पट. तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. पाणी जितका वेळ वाहतंय तितका हा पाहुणा साठतोय. म्हणजे तो पाण्यातूनच येतोय. कॉलमच्या तोंडाशी तेलकट स्वभावाची सेंद्रिय द्रव्यं चिकटून बसतात, आणि अॅसिटोनायट्राइलचं प्रमाण वाढलं की एकदम सुटून डिटेक्टरसमोरून जातात. २१० नॅनोमीटरला तर असलं काहीही दिसतं. पावसाळ्यात कुजलेल्या पाल्यापाचोळ्याचं पाणी, त्यात आमचा कार्बन फिल्टर कधीचा भरून गेलेला, आणि आयन पकडणाऱ्या रेझिनला त्या सेंद्रिय गोष्टींशी फारसं देणंघेणं नाही.

‘पण सर, मीटर तर ०.८ दाखवतोय,’ मी म्हणाले.

सरांनी डीएमचं पाणी बीकरमध्ये घेतलं, अभिकारकांच्या कपाटातून सुक्रोजची बाटली काढली, चमचाभर शुद्ध साखर त्यात ढवळली आणि मीटरचं टोक बुडवलं. काटा होता तिथेच. ‘सरबत झालंय,’ ते म्हणाले, ‘आणि तुझा मीटर म्हणतो पाणी शुद्ध आहे.’

इतक्या वर्षांत मला इतकं नीट कुणी काही शिकवलं नाही. तो काटा फक्त वीज वाहून नेणाऱ्या आयनांशी बोलतो. साखर, विद्राव्य सिलिका, जिवाणू, प्लॅस्टिकमधून झिरपलेली द्रव्यं, यांच्याबद्दल त्याला काही विचारू नये. सिलिकाचं तर आपल्याकडे विशेष आहे. दख्खनच्या काळ्या कातळातून आलेल्या पाण्यात तो असतोच, आणि अॅनायन रेझिन थकायला लागलं की सर्वांत आधी तोच निसटतो, मीटरला फारसा पत्ता न लागू देता. मी पुढे प्रत्येक नव्या मुलाला हा साखरेचा प्रयोग दाखवला. नुसतं सांगून उपयोग होत नाही, चमचा हातात द्यावा लागतो.

बॅच सुटली, कारण मुंबईहून एचपीएलसी ग्रेडच्या पाण्याच्या बाटल्या मागवल्या आणि चौदावं मिनिट सपाट झालं. मागणीपत्र खरेदी विभागात गेलं तेव्हा तिथल्या साहेबांनी खिडकीबाहेर बघितलं आणि मग माझ्याकडे. ज्या गावात चार महिने छत्री वाळत नाही तिथे ही बाई मुंबईहून पाणी विकत मागतेय.

त्याच सरांनी एका रविवारी मला गावातल्या चवदार तळ्यावर नेलं. शाळेच्या पुस्तकातलं वाक्य मला पाठ होतं: २० मार्च १९२७, डॉ. आंबेडकर, सत्याग्रह. पण नंतरचं फारसं डोक्यात नव्हतं. माणसांनी ओंजळभर पाणी प्यायलं म्हणून गावातल्या सनातन्यांनी ते तळं ‘शुद्ध’ करून घेतलं, १०८ घागरी आणि पंचगव्य वापरून. दूध, दही, तूप, गोमूत्र, शेण. सर कठड्याला टेकून म्हणाले, ‘आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर त्या दिवशी तळ्याचा बीओडी वाढला.’ ते हसले नाहीत. मलाही हसू आलं नाही. मला आमची तांब्याची कळशी आठवत होती, आणि त्या कळशीला हात लावायची मनाई फक्त पोरांपुरती नव्हती हेही आठवत होतं. त्यानंतर ‘शुद्ध’ हा शब्द मी रजिस्टरमध्ये एकटा कधी लिहिला नाही. कशाच्या बाबतीत, किती, कशानं मोजलं, हे पुढे नसेल तर तो शब्द कुणाचा तरी निव्वळ दावा असतो.

बीओडीवरून आठवलं. २००३ च्या सुमारास मी पुण्यात आले, पाणी आणि सांडपाणी तपासणाऱ्या एका खासगी प्रयोगशाळेत. तिथे माझा उलटा धडा झाला. बीओडी म्हणजे सांडपाण्यातली घाण खाताना जिवाणूंनी किती ऑक्सिजन संपवला त्याचा हिशेब. आपल्याकडे २७ अंशांवर तीन दिवस ठेवतात. सांडपाणी तसंच लावलं तर ऑक्सिजन पहिल्याच दिवशी संपेल, म्हणून ते ‘डायल्यूशन वॉटर’मध्ये पातळ करतात. या पाण्याची गंमत अशी की आधी त्यातलं सगळं काढून घ्यायचं आणि मग फॉस्फेट बफर, मॅग्नेशियम सल्फेट, कॅल्शियम क्लोराइड, फेरिक क्लोराइड अशी चार द्रावणं लिटरला एकेक मिलिलिटर मोजून परत घालायची, कारण जिवाणूंना जगायला क्षार लागतात. सोबत नुसत्या त्या पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, त्यांना ब्लँक म्हणतात. त्या कोऱ्या बाटल्यांत ऑक्सिजन लिटरमागे ०.२ मिलिग्रॅमहून जास्त कमी होता कामा नये.

मी यायच्या आधी तिथे काचेचं डिस्टिलेशन होतं, क्वचित फुटणारं, सतत बघावं लागणारं. नव्या व्यवस्थापनानं ते माळ्यावर टाकून दोन्ही रेझिन एकत्र असलेले चकचकीत मिक्स्ड बेडचे सिलिंडर बसवले. कंडक्टिव्हिटी आधीपेक्षा दहापट चांगली. आणि पहिल्याच आठवड्यात बीओडीचे ब्लँक नापास झाले. ०.५, ०.६, एकदा तर ०.९. मुलांनी बाटल्या परत धुतल्या, इन्क्युबेटर तपासला, सगळा दोष धुणाऱ्या मावशींच्या डोक्यावर ठेवला. मावशी दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

मला महाडचा चहाच्या रंगाचा नळ आठवला, पण इथे पाणी पुण्याचं आणि महिना फेब्रुवारीचा. मग लक्षात आलं की या खेपेला घाण नळातून आलेली नाही, आम्हीच घातलेली आहे. नवं रेझिन सुरुवातीला स्वतःतली सेंद्रिय द्रव्यं थोडी थोडी सोडत राहतं. शिवाय त्याचे मणी म्हणजे जिवाणूंना राहायला आयती चाळ. सिलिंडर रात्रभर बंद राहिला की सकाळी पहिल्या पाण्यातून अन्न आणि खाणारे दोघंही बाटलीत. कंडक्टिव्हिटीला यातलं काही दिसत नाही, ऑक्सिजनला दिसतं. माळ्यावरचं काचेचं यंत्र खाली उतरवलं, धुतलं, लावलं. ब्लँक ०.१५ वर आले. मावशींना मी चहा पाजला आणि माफी मागितली, मुलांनाही मागायला लावली.

काचेऐवजी एखाद्या तांब्याच्या ऊर्ध्वपातन यंत्रातलं पाणी त्या कामाला आणलं असतं तर चूक उलट दिशेला गेली असती. तांबं जिवाणूंना विष. ब्लँक सुंदर आले असते आणि कारखान्याचं सांडपाणी आहे त्याहून स्वच्छ दिसलं असतं. अशी चूक कुणी शोधायला जात नाही, कारण ती कुणालाच टोचत नाही. असे देखणे आकडे पाहिले की आजही माझ्या पोटात गोळा येतो.

मग आलं अल्ट्राप्युअर. सगळे त्याला मिलीक्यूच म्हणतात, यंत्र कुणाचंही असो, जसं वनस्पती तुपाला डालडा. पडद्यावर १८.२ हा आकडा येतो, मेगोम-सेंटिमीटर, २५ अंशांवर. मुलांना वाटतं की पुढचं मॉडेल २० दाखवेल. दाखवणार नाही. पाण्यातलं परकं सगळं काढलं तरी पाणी स्वतः थोडंसं तुटतंच, हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड होतं, आणि तेवढी वीज वाहून नेतं. १८.२ ही पाण्याची स्वतःची मर्यादा आहे. १८९४ साली जर्मनीत कोलराउश आणि हायडवायलर या दोघांनी निर्वातात बेचाळीस वेळा ऊर्ध्वपातन करून तिथवर मजल मारली होती, असं सांगतात. आमच्याकडे ट्रेनी पोरगी कानात हेडफोन घालून बटण दाबते आणि तेच पाणी मिनिटाला दीड-दोन लिटर मिळतं. मला त्या दोघांचा विचार येतो. त्यांनी ते पाणी साठवलं असतं कशात?

कारण हे पाणी साठत नाही. एका शनिवारी एका मुलानं सोमवारी घाई होऊ नये म्हणून पाच लिटरची काचेची बाटली भरून ठेवली, वर लेबल लावलं ‘१८.२’. सोमवारी आयसीपीवर, म्हणजे सूक्ष्म प्रमाणातली मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्रावर, सोडियम, बोरॉन आणि सिलिकॉन तिन्ही ब्लँकमध्ये डोलत होते. काचेतून येणारी ही जुनी त्रयी आहे. इतकं रिकामं पाणी भुकेलेलं असतं, जिथे ठेवाल तिथलं थोडं खातं. काचेतलं सोडियम, प्लॅस्टिकमधलं प्लॅस्टिसायझर, हवेतला कार्बन डायऑक्साइड, आणि त्याच खोलीत कुणी अमोनियाची बाटली उघडली असेल तर तोही. आकडा नळाच्या तोंडाशी खरा असतो. बाटलीवर लिहिला की तो फक्त आठवण उरतो. तेव्हापासून आमच्याकडे त्या नळाखाली मोठं भांडं न्यायला बंदी होती. पहिलं लिटरभर पाणी सोडून द्यायचं (ते वॉश बॉटलमध्ये गेलं तर हरकत नाही), मग लागेल तेवढं घ्यायचं आणि लगेच वापरायचं.

त्याच पाण्याचा पीएच मोजून घाबरलेली पोरंही मी पाहिली आहेत. ‘मॅडम, ५.७ येतोय, पाणी आम्लधर्मी आहे!’ उघड्या बीकरमधलं कुठलंही शुद्ध पाणी हवेचा कार्बन डायऑक्साइड पिऊन साडेपाच-पावणेसहाच्या आसपास जातं. शिवाय त्यात आयनच नसल्यामुळे इलेक्ट्रोड बिचारा चाचपडत राहतो. आयएसओ ३६९६ या मानकात पहिल्या आणि दुसऱ्या प्रतीच्या पाण्याला पीएचची मर्यादाच दिलेली नाही, ती याचसाठी. ज्यानं ते लिहिलं त्यानं कधीतरी स्वतः तो चाचपडणारा इलेक्ट्रोड पाहिला असणार.

मानकांचा विषय आलाच आहे तर एक भांडण सांगते. आपल्या भारतीय मानकात, आयएस १०७० मध्ये, आणि आयएसओत पाण्याच्या तीन प्रती आहेत. तिसरी ५ मायक्रोसीमेन्सपर्यंत, रोजच्या ओल्या रसायनशास्त्राला. दुसरी १ पर्यंत. पहिली ०.१ पर्यंत. सरळ उतरंड. अमेरिकेच्या एएसटीएमची मात्र चार प्रकारांची आहे आणि ती सरळ उतरत नाही. तिथे टाइप दोनला किमान १ मेगोम लागतो आणि टाइप तीनला ४. म्हणजे आयनांच्या हिशेबानं तिसरा दुसऱ्यापेक्षा सरस! कारण दुसरा मुळात ऊर्ध्वपातनाचा, त्याची अट सेंद्रिय द्रव्यं आणि सिलिका कमी असण्याची आहे. आणि यंत्र विकणारे टाइप एक-दोन-तीन हेच शब्द आपापल्या सोयीनं वापरतात, जणू ते रेल्वेचे वर्ग आहेत. आमच्या एका विक्रेत्यानं ‘टाइप टू’ म्हणून दिलेल्या यंत्राबद्दल एका ऑडिटरनं विचारलं, कुठल्या मानकाचं टाइप टू? खोलीत जी शांतता पसरली ती मी अजून विसरलेले नाही. मी नंतर आयएसओचं ते मानक पहिल्या पानापासून वाचलं. सुरुवातीलाच स्पष्ट म्हटलंय की सूक्ष्म सेंद्रिय विश्लेषणाला आणि जैविक-वैद्यकीय कामाला हे लागू नाही. ते पान आमच्यापैकी कुणीच वाचलेलं नव्हतं.

जैविक कामाची मला थोडीच ओळख आहे, तीही शेजारच्या खोलीतल्या मायक्रोबायॉलॉजिस्ट मैत्रिणीमुळे. तिचं पाणी वेगळ्याच गोष्टींना भीत असे. जिवाणू मारणं तिला सोपं होतं, पण मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे, म्हणजे एंडोटॉक्सिन, ऑटोक्लेव्हमधूनही शाबूत बाहेर पडतात आणि पेशींना त्रास देतात. इंजेक्शनच्या पाण्यात त्याची मर्यादा मिलिलिटरला ०.२५ एकक. आरएनएवर काम करणाऱ्यांना आरएनेज नावाच्या चिवट एन्झाइमची धास्ती. तिच्यासमोर मी माझा १८.२ मिरवला तेव्हा ती म्हणाली, ‘तुझं पाणी तुझ्या मशीनला गोड लागत असेल, माझ्या पेशींना विचार.’

तर माठातल्या पाण्यानं पाय धुण्याबद्दल. शेवटच्या नोकरीत मला एका सकाळी तो आवाज आला, अल्ट्राप्युअरचा पंप थांबतच नव्हता. जाऊन बघते तर नवी ट्रेनी वीस लिटरचा कॅन भरून भांडी खंगाळायला नेत होती. तिची चूक नव्हती. तिला कुणीतरी सांगितलं होतं की भांडी ‘सर्वांत चांगल्या’ पाण्यानं धुवावीत. त्या वीस लिटरमागे किती नळाचं पाणी आरओच्या मोरीत गेलं, काडतुसाचं किती आयुष्य गेलं, हे तिला मी कागदावर मांडून दाखवलं. साबण काढायला नळाचं पाणी, मग आरओचं, आणि ज्या चाचणीसाठी भांडं आहे त्या चाचणीच्या पाण्यानं शेवटी एकदा-दोनदा, तेही वॉश बॉटलनं. ती म्हणाली, ‘मग मॅडम, नळांवर तसं लिहून का नाही ठेवलं?’

बरोबर होतं तिचं. नळांवर होतं ‘टाइप १’, ‘टाइप २’, ‘टाइप ३’, विक्रेत्याच्या माणसानं चिकटवलेलं, आणि एकापेक्षा दोन वाईट असं कुणीही समजेल. मी ते सगळं खरवडून काढलं आणि मराठीत नवी लेबलं लिहिली. पहिल्या नळावर: ‘एचपीएलसी, आयसीपी. घे आणि लगेच वापर. साठवू नको.’ दुसऱ्यावर: ‘अभिकारक, टायट्रेशन, रोजचं काम. कॉस्टिक असेल तर उकळून घे.’ काचेच्या यंत्राखालच्या बाटलीवर: ‘फक्त बीओडी. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.’ हे लिहिताना आजीची कळशी आठवून मी थबकले, मग तसंच ठेवलं, इथे कारण लिहून दाखवता येत होतं. आणि बाहेरच्या पॅसेजमधल्या आरओच्या टाकीवर: ‘वापरायचं. भांडी, ऑटोक्लेव्ह, वॉटर बाथ.’

ऑडिटरनं इंग्रजीतही लावा म्हटलं, तीही लावली. चुका कमी झाल्या, संपल्या नाहीत.

निवृत्तीला महिना उरला असताना मी पॅसेजमधून जाताना आरओच्या टाकीवरचं लेबल सहज वाचलं. ‘वॉटर बाथ’च्या पुढे स्वल्पविराम देऊन कुणीतरी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘चहा’. खाण्यापिण्याचं काही प्रयोगशाळेच्या पाण्याशी जोडायचं नाही, हा नियम मीच पहिल्या दिवशी सगळ्यांना वाचून दाखवत असे. किती वर्षं मी त्या टाकीतला चहा दुपारी तीनला पीत होते याचा हिशेब करायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. खोडरबर आणून मी तो शब्द पुसला. दुसऱ्या दिवशी तो पेनानं लिहिलेला होता.